दुसरा आणि चौथा शनिवार

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. सोलापूर डेपोला माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या तोंडाला लागून कोणी जिंकलेलं नाही. दारात लोंबकळणारे, बायकांच्या सीटवर पाय पसरून झोपेचं सोंग घेणारे, अर्ध्या तिकिटासाठी मिशा फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसणारे, सगळ्यांना मी सरळ केलंय. माझा स्वभावच तापट. पण महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार मला जड जायचा. त्या दोन शनिवारी सकाळी पोरीला तिच्या बापाच्या दारात नेऊन सोडायचं आणि रविवारी संध्याकाळी परत आणायचं, असा कौटुंबिक कोर्टाचा आदेश होता.

लग्न आमचं पसंतीचं. तो दुकानाच्या वसुलीला अक्कलकोटला जायचा, बहुतेक वेळा माझ्याच गाडीनं. घरचं चादरी-टॉवेलचं दुकान, घर जुन्या पेठेत. घरात सगळे कानडी बोलणारे, बाहेर मराठी. गळ्यात लिंग, घरात मांस-मच्छीचं नावसुद्धा नाही. मी माढ्याकडची, रविवारी रस्सा नसेल तर आमच्याकडं कोणीतरी आजारी आहे असं समजायचं. लग्न झालं आणि मी मटण सोडलं. कोणी सोड म्हटलं नव्हतं, माझं मीच सोडलं. तरी सासूचं आणि माझं जमलं नाही, आणि दोघींच्या मधे तो कधी तोंड उघडून बोलला नाही. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, हे मी कोर्टात स्वतःहून सांगितलं. वकील मॅडमनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "ताई, हे कशाला सांगत बसता?" म्हटलं, जे आहे ते आहे, त्यात काय लपवायचं.

मी बाहेर पडले तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. डेपोच्या मागं दोन खोल्या घेतल्या. माझ्या ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून गावाकडून आईला बोलावून घेतलं. आईनं शेळ्या विकल्या आणि आली. पोरगी तिला आजी म्हणते आणि बापाच्या आईला अव्वा.

सुरुवातीला बाप-लेकीच्या भेटी कोर्टातल्याच एका खोलीत व्हायच्या. तिथं एक चाक गेलेली सायकल होती आणि भिंतीवर कुणीतरी काढलेला ससा. तो फरशीवर मांडी घालून बसायचा, पोरगी त्याच्या पाठीवर चढायची, आणि दोघं काहीतरी हसत बसायचे. मी बाहेर बाकड्यावर. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं आणि आत जळायचंही. मग त्यानं अर्ज केला, पोरगी घरी राहायला पाहिजे, तिच्या अव्वाला बघायचं आहे. मी आडवी गेले नाही. बाप आहे तो तिचा. आदेश झाला, आणि मी डेपोत शनिवारच्या ड्यूट्या बदलून घेण्यासाठी सगळ्यांच्या विनवण्या करायला लागले. एकदा ड्यूटी बदलून मिळाली नाही, मोहोळच्या अलीकडं गाडीचं टायर बसलं आणि मी पोरीला घेऊन दुपारी पोचले. तो दारात उभाच होता. बोलला काही नाही. पण पुढच्या तारखेला त्याच्या वकिलानं ते टायर असं काही रंगवून सांगितलं, जसं काही मीच खिळा मारला होता.

पहिले तीन-चार महिने पोरगी खुशीत जायची. तेल चोपडलेल्या वेण्या, कपाळाला भस्माची बोटं आणि डब्यात शेंगापोळी घेऊन परत यायची. मग हळूहळू काहीतरी बदललं. भेटीच्या आठवड्यात गुरुवारपासून ती अंडं खाईना. रविवारी रस्सा केला तर ताट घेऊन लांब खिडकीशी जाऊन बसायची. आणि शनिवारी सकाळी न्हाणीत गेली की बाहेर यायचं नाव नाही. आई म्हणायची, "पोरगी लई न्हातीया गं. कातडं निगंल की तिचं." मी म्हणायचे, मोठी व्हायला लागली, अंग घासायला शिकली, चांगलंय की. एकदा अंगाला पावडर लावता लावता मला म्हणाली, "मम्मी, माझा वास येतो का?" मी घाईत होते. म्हटलं, "येतो की, निम्मा डबा ओतलायस. गल्लीपर्यंत येतो." मला वाटलं हसेल. हसली नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती स्कूटीवरून उतरेना. मी गाडी त्यांच्या दारात लावली, पिशवी खाली ठेवली, आणि ही पुढं उभी, आरशाची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरून. तो बाहेर आला. त्याच्या मागं उंबऱ्यात त्याची आई, पदर खोचलेला, हात पिठाचे. "बा अव्वा, बा," असं कानडीत, लाडानं नातीलाच अव्वा म्हणत बोलावत होती, "शेंगापोळी करायला घेतलीय की, ये." पोरगी तिच्याकडं बघत होती. बघत होती म्हणजे, जायचं होतं तिला, हे मला दिसत होतं. पण दांडी सोडेना. तो खाली बसून समजावत होता, मी वरून ओरडत होते, आजूबाजूच्या दारांतून लोक बाहेर आले. शेवटी मी तिला तशीच परत आणली. का नाही गेलीस विचारलं तर म्हणे, पोट दुखतंय.

पंधरा दिवसांनी परत तेच. या वेळी त्यानं मोबाइल काढला आणि सगळं चित्रीकरण केलं. मी म्हटलं, "काढ, चांगलं काढ, माझं तोंड नीट येऊ दे." तो म्हणाला, "तू तिला पढवतेस. इतके दिवस आनंदानं येत होती." त्याचा आवाज कापत होता. मला तेव्हा त्याच्या आवाजाचं काही वाटलं नाही, माझंच डोकं फिरलं होतं. मी भर पेठेत तोंड सोडलं. ते सगळं चित्रीकरणात आलं.

त्याचा नवा अर्ज कोर्टात पडला. मुलीची आई जाणूनबुजून आदेश मोडते, मुलीच्या मनात बापाविषयी विष कालवते, म्हणून मुलीचा ताबा बापाला द्यावा. जज मॅडमनी ते चित्रीकरण बघितलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "हे तुम्ही मुलीच्या समोर बोललात?" मी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "मुलगी नको म्हणते म्हणून आदेश थांबत नाही. तिला पाठवणं ही तुमची जबाबदारी आहे. येत्या भेटीला ती गेली नाही, तर ताब्याचा विचार मला पुन्हा करावा लागेल." शब्द एकदम साधे होते.

बाहेर आल्यावर वकील मॅडमनी मला चहाच्या टपरीशी नेलं. म्हणाल्या, "ताई, आता हट्ट नको. रडली तरी द्या, ओरडली तरी द्या. या खेपेला गेली नाही तर पोरगी जाईल." मी म्हटलं, ती का जात नाही तेच मला कळत नाही. त्या म्हणाल्या, "ते कळायला आपल्याकडं वेळ नाही." कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनीही पोरीला एकटीला बसवून विचारून बघितलं होतं. ती सगळा वेळ फ्रॉकची चेन वरखाली करत बसली.

त्या शनिवारी पोरीनं परत दांडी धरली. मी काही बोलले नाही. बोलायचंच नाही असं ठरवून गेले होते. तिची बोटं एकेक करून सोडवली. माझ्या हातांना सवय आहे, किती लोकांना मी असं दारातून खाली उतरवलंय. पण ती माणसं शिव्या देतात, झटापट करतात. ही काहीच करत नव्हती. सगळी बोटं सुटल्यावर तिनं हात खाली सोडले आणि पिशवी उचलून त्यांच्या दाराकडं चालायला लागली. मी गाडी वळवली आणि कोपऱ्यावर जाऊन थांबले, कारण मला पुढचं दिसत नव्हतं. मला लाज वाटत होती. माझ्या पोरीला माझ्याजवळ ठेवायचं तर तिला असं ढकलावं लागतं, हा कुठला न्याय, असं मोठ्यानं म्हटलं मी तिथं. एक भाजीवाला वळून बघत होता.

रविवारी तिला आणायला गेले तर दारात तयार उभी होती. घरी आलो, आईनं चुलीपासून उठून दोन्ही हात पुढं केले, नेहमीसारखे. पोरगी थोडी मागं सरली आणि म्हणाली, "आजी, तू मला आंघोळ न करताच जवळ घेतेस. तुला चालतं?"

आईला काही उलगडेना. म्हणाली, "आगं माजी बाय, तुला काय लागलंय अंगाला? ये हितं." आणि ओढून मांडीवर घेतलं. मग हळूहळू, एकेक शब्द काढत, तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं.

तिकडं गेलं की अव्वा तिला पुढच्या दारानं आत घेत नाही. बोळातून मागच्या अंगणात नेते. अंगावरचे कपडे उतरवून वेगळ्या बादलीत टाकते. डोक्यावरून पाणी घालते, कपाळाला भस्म लावते, तिथं ठेवलेला स्वच्छ फ्रॉक घालते. चुलत भावंडं ओट्यावर बसून बघत असतात. आंघोळ व्हायच्या आधी ही त्यांच्या जवळ गेली तर ती पळतात आणि हसतात, "अजून नाही झाली, अजून नाही झाली." अव्वा त्यांना रागावते. "मग फ्रॉक घातला की अव्वा मला जवळ घेते," पोरगी म्हणाली. "खूप वेळ घेते. आधी नाही घेत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी घरून लई घासून जाते. तरी परत घालते. तिला कळतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सात वर्षांची पोर, आणि ती दर पंधरा दिवसांनी आपल्या अंगावरून माझं घर घासून काढत होती. त्या घरात मीही इतकी वर्षं काढली, पण मी ड्यूटीवरून यायचे ती धुळीनं आणि घामानं माखलेली, आल्याआल्या न्हाणीत शिरायचे, त्यामुळे कोणी मला सांगायची वेळच आली नाही. माहेरून आले तरी तीच सवय. ते पाणी मला कधी टोचलं नाही. पोरीला टोचलं, आणि तिनं त्याचा अर्थ स्वतःच्या मनानं लावला.

मी चपला घातल्या. आई दारात आडवी उभी राहिली. "कुटं निगालीस? परवा तारीक हाय न्हवं? आत्ता तितं जाऊन कालवा केलास, तर पोरगी हातची जाईल. बस गप." मी बसले. चपला पायातच होत्या.

तारखेला आईला आणि पोरीला घेऊन कोर्टात गेल्यावर आधी वकील मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मला कळतंय. पण आजीनं नातीला आंघोळ घातली, हा आक्षेप म्हणून उभा राहत नाही. तरी सांगते मी." सांगितलं त्यांनी, नीट सांगितलं. त्याच्या वकिलाच्या ओठावर हसू आलं. पण तो स्वतः हसला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्यात बाहेरून आलं की सगळेच करतात. मी दुकानातून आलो तरी करतो. आई तिला ऊन पाणी काढून ठेवते, तेल लावते. त्यात वाईट काय आहे?" त्याला खरंच कळत नव्हतं. तो खोटं बोलत असता तर मला सोपं गेलं असतं, मी तिथंच त्याला फाडून खाल्लं असतं.

जज मॅडम म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर मी मुलीशी स्वतः बोलते. आम्ही सगळे बाहेर बाकड्यांवर. सासू माझ्या समोरच बसली होती. शेवटी तीच बोलली. "मी काय वाईट केलं गं? तुझ्या पोरीला कधी उपाशी ठेवलं का मी? तिच्यासाठी माझा जीव किती तुटतो ते माझं मला ठाऊक."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त एवढं करा. ती आली की आधी जवळ घ्या, मग घाला आंघोळ. माझी दुसरी काही मागणी नाही."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी काहीतरी भलतंच मागितलं असं तिला वाटलं होतं. पदराला हात पुसत म्हणाली, "तसं कसं चालेल?"

पोरीला आत बोलवायच्या आधी मी तिच्यापुढं बसले. मला तिला सांगायचं होतं, सगळं सांग, अंगणातलं सांग, भावंडं हसतात ते सांग. पण हेच तर पढवणं, याच्यासाठीच तर अर्ज झाला होता. आपल्याच पोरीशी काय बोलावं याची मला भीती वाटत होती. शेवटी एवढंच म्हटलं, "मॅडम चांगल्या आहेत. विचारतील त्याचं जे खरं आहे ते सांग. कोणी रागावणार नाही." तिनं मान हलवली आणि शिपायाच्या मागं आत गेली. दार लागलं.

ते दार उघडेपर्यंत मी काय काय बोलले देवाशी ते सांगत नाही. तिनं खरं सांगितलं तर मॅडमना कळेल. नुसती नाही जायचं म्हणाली, तर माझ्यावर येईल आणि ती माझ्या घरातून जाईल. आई शेजारी जपमाळ ओढल्यासारखी पदराचं टोक चाळत होती.

मग आम्हाला आत घेतलं. पोरगी मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, पाय हलवत. मॅडम म्हणाल्या, "मुलगी समजूतदार आहे. वडिलांकडे जायला तयार आहे. आंघोळीबद्दल मी तिला दोनदा विचारलं. तिची काही तक्रार नाही, अव्वा लाड करते म्हणाली. आईनेही मागच्या भेटीला तिला पाठवलेलं आहे. तेव्हा ताबा आईकडेच राहील, भेटी आदेशाप्रमाणे चालू राहतील." आणि दोघांकडं बघून म्हणाल्या, "मुलांना मोठ्यांच्या भांडणात ओढू नका."

वकील मॅडमनी बाहेर येऊन माझा दंड दाबला. "सुटलात, ताई." त्यानं लांबूनच मला हात जोडले, डोळे ओले होते त्याचे. सासूनं पोरीच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. कोर्टाच्या आवारात होतो, इथं ती नातीला शिवत होती. पोरगी तिच्याकडं बघून हसली. पोरगी माझ्याकडंच राहणार होती, आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता.

आम्ही जिना उतरलो. आई रिक्षा बघायला पुढं गेली. मी पोरीला पायरीवर थांबवलं आणि विचारलं, रागानं नाही, अगदी हळू विचारलं.

"मॅडमना अंगणातलं का नाही सांगितलंस?"

ती फ्रॉकची चेन वरखाली करायला लागली.

"मी म्हटलं होतं ना, कोणी रागावणार नाही?"

"रागावल्या नसत्या," ती म्हणाली. "त्यांनी मला जवळ बसवलं होतं. पाठीवर हात ठेवला होता. आंघोळीचं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, मग हात काढला असता."